पिकअपच्या दाराची पट्टी सोलवटली, आता वर काय लावू?

प्रश्न: नमस्कार काका. गेल्या दिवाळीला पांढरी पिकअप घेतली. मोसमात आंब्याच्या पेट्या वाशीला, बाकी वर्षभर मिरकरवाडा बंदरातून मासळी. गाडी भाचा चालवतो, गमबूट घालूनच चढ-उतर करतो. ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी, जिच्यावर पाय देऊन आत चढतो, ती आताच सोलवटली आहे. मधे राखाडी दिसतंय आणि दोन ठिकाणी लाल झालंय. क्लीनरच्या बाजूला नुसते ओरखडे आहेत. गॅरेजवाला म्हणतो, गाडीखाली मारतो तेच काळं कोटिंग इथे मारून देतो. भाचा म्हणतो सिरॅमिक कोटिंग करू. ॲक्सेसरीच्या दुकानात चिकटवायची स्टीलची प्लेट मिळते. घरी होडीच्या तळाला मारायच्या रंगाचा अर्धा डबा आहे, तोही चालेल का? जून-जुलैत मासेमारी बंद, गाडी उभीच असते, तेव्हा घरच्या घरी करावं म्हणतो. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नमस्कार.

तुम्ही चार उपाय विचारलेत आणि चारही नकोत असंच मी म्हणणार आहे, म्हणून काय करायचं ते आधी सांगून टाकतो. ड्रायव्हरच्या बाजूचा रंग गेलाय, तिथे पत्रा साफ करून एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-पॅक पीयूचा, म्हणजे रंग आणि तो कडक करणारा हार्डनर वेगवेगळे येतात आणि ऐनवेळी कालवायचे असतात त्या पॉलियुरेथेनचा, खरबरीत, जाड लेप. क्लीनरच्या बाजूचा रंग अजून जिवंत आहे, तिथे काहीही न घासता पारदर्शक फिल्म. लोक नेमकं उलटं करतात. चांगला रंग घासून त्यावर काहीतरी थापतात आणि गंजलेल्या जागी फिल्म नाहीतर प्लेट चिकटवून मोकळे होतात. आणि जून-जुलैत हे काम अजिबात करायचं नाही. का ते पुढे येईलच.

गाडी वर्षाचीही नाही, तेव्हा सँडपेपर हातात घेण्याआधी पट्टी उजेडात नीट बघा. बुटाने झिजलेल्या रंगाची कडा उतरती असते. बोट फिरवलं तर पांढऱ्यावरून राखाडीवर कधी आलो ते कळत नाही. पण कडा धारदार असेल, नख घातल्यावर रंगाचा पापुद्रा अख्खा सुटून येत असेल आणि खाली गंज नसून गुळगुळीत प्रायमर असेल, तर दोष बुटाचा नाही. तो रंग मुळात धरलेलाच नाही. तसं दिसलं तर फोटो काढून शोरूमला दाखवा. झिजलेल्या रंगाला वॉरंटी सहसा मिळत नाही, पापुद्र्यासाठी मात्र भांडता येतं. एकदा तुम्ही घासलंत की मग कोणी ऐकून घेणार नाही.

दुसरं, लाल दिसलं म्हणजे गंजच, असं तुमच्या भागात धरून चालू नका. जांभ्याची माती झिजलेल्या प्रायमरमध्ये अशी मुरते की चांगला पेंटरही चकतो. शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्या जागेवर पाच मिनिटं ठेवून चोळा. माती असेल तर फडक्यावर येईल आणि खाली राखाडी उरेल. गंज असेल तर जागचा हलणार नाही, आणि हाताला तिथे खरखरीत लागेल. मग त्या डागाच्या भोवतीचा रंग नखाने दाबून बघा. रंग फुगल्यासारखा वाटला किंवा टिचकन् सुटला, तर गंज दिसतो त्याहून पुढे आत गेलाय. खारं पाणी लागणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज रंगाच्या खालून सरकतो.

राखाडी दिसतंय तोवर घाबरायचं कारण नाही, पण निवांत बसायचंही नाही. कंपनीचा रंग म्हणजे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. दाराच्या आतल्या भागात तर बरेचदा त्याहूनही पातळ. सगळ्यात खाली पत्रा विजेच्या टाकीत बुडवून चढवलेला पातळ प्रायमर असतो. गंजापासून खरं राखण तोच करतो. त्याच्यावर दुसरा राखाडी प्रायमर आणि मग पांढरा रंग. वरचे थर सूर्याला आणि पावसाला तोंड देण्यासाठी असतात, तळव्याला वाळू चिकटलेल्या गमबुटाला नव्हे. वाळूत गारगोटीचे कण असतात, ते रंगाहूनच काय, साध्या पत्र्याहूनही कठीण. भाचा प्रत्येक वेळी टाच फिरवून आत बसतो तेव्हा पट्टीवर सँडपेपरच फिरतोय असं समजा.

आता तुमचे चार उपाय.

गॅरेजवाल्याचं काळं कोटिंग गाडीखाली उत्तम. ते डांबर-रबराच्या जातीचं असतं आणि मुद्दाम नरम ठेवलेलं असतं, म्हणजे खडी उडाली तरी तडकत नाही. हाच गुण पायाखाली दुर्गुण होतो. ऊन लागलं की ते चिकट होतं, बुटाला लागून आत मॅटवर येतं, पँटला लागतं, आणि गमबुटाच्या टाचेने ओरबाडून निघतं. शिवाय उद्या शहाणपण सुचून वर पक्का रंग द्यायचा म्हटलं, तर आधी ते सगळं रॉकेलने, थिनरने खरवडत बसावं लागतं, कारण त्याच्यावर कुठलाच रंग धरत नाही. गॅरेजवाला काही फसवत नाहीये. त्याच्याकडे मशीनला तेच भरलेलं असतं, म्हणून तो तेच मारणार.

सिरॅमिकबद्दल भाच्याला समजावून सांगा. तो थर एखाद-दोन मायक्रॉनचा. पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धुवायला सोपं जातं, चमक राहते, हे सगळं खरं. पण वाळूच्या कणासमोर त्याची काय मात्रा चालणार? बॉनेटवर हौस असेल तर करा. दाराच्या पट्टीवर ते पैसे पाण्यात. शोरूममध्ये टेफ्लॉन म्हणून जे गळ्यात मारतात ते तर बहुतेक वेळा पॉलिशच असतं, त्याचा विचारच सोडा.

स्टीलची प्लेट दिसायला झकास. शहरातल्या कारला, जिथे ऑफिसचे बूट चढतात, तिथे मी नको म्हणत नाही. तुमच्याकडे प्लेटच्या खाली फोमची दुहेरी चिकटपट्टी असणार, ती मासळीचं पाणी पिऊन बसणार, आणि प्लेटच्या कडेखाली वाळू शिरून तिथलाच रंग गुपचूप कातरत राहणार. खारं पाणी, स्टेनलेस स्टील आणि उघडा पडलेला साधा पत्रा एकत्र आले की त्यात मरतो तो साधा पत्रा. आणि कुणी स्क्रू मारून बसवतो म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा. ती पट्टी म्हणजे आतून पोकळ पेटी आहे. भोक पाडलं की खारं पाणी सरळ पेटीत, शिवाय बऱ्याच गाड्यांत त्याच बाजूने वायरिंग जातं.

होडीच्या रंगाचं मात्र कळकळीने सांगतो. तळाला लावायचा तो रंग शेवाळ आणि काकई धरू नये म्हणून असतो, आणि बहुतेकांत तांब्याचं संयुग असतं. तो हळूहळू झिजून पाण्यात सुटावा अशीच त्याची घडण असते. म्हणजे एक तर तो झिजायलाच बनवलाय, आणि त्यातलं तांबं उघड्या लोखंडाला लागलं की गंज थांबायच्या ऐवजी वाढतो. डबा होडीसाठीच ठेवा. पण ज्या दुकानातून तो आणलात तिथेच होड्यांच्या लोखंडी भागांसाठी टू-पॅक एपॉक्सी प्रायमर मिळू शकतो, आणि तो आपल्या कामाचा आहे. नाहीतर गाडीच्या रंगाच्या मिक्सिंगच्या दुकानात एशियन पीपीजी, नेरोलॅक वगैरे कुठल्याही कंपनीचा चालेल. हार्डनर सोबत मागून घ्या. नुसता प्रायमरचा डबा घरी आणून 'हा वाळतच नाही' म्हणणारे दर हंगामात भेटतात.

आता वेळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी मोकळी, म्हणून तेव्हा करावंसं वाटणं साहजिक आहे. पण कोकणातला तोच काळ रंगाला सगळ्यात वाईट. टू-पॅक पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलीशी भांडतो. रंगाशी जुळायच्या ऐवजी पाण्याशी जुळतो, त्यातून वायू सुटतो आणि लेपात बारीक फोड येतात. पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते ती वेगळीच. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाला हात लावायचा नाही, आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानाहून किमान ३ अंश गरम हवा, हा रंगकामातला जुना नियम आहे. पावसाळ्यात रत्नागिरीत हे दोन्ही जुळायचं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तेव्हा एकतर मे महिन्यात तीन-चार कोरडे दिवस साधा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. थंडीत सकाळचं दव पडतं, म्हणून दहा वाजल्यावर सुरू करून तीनच्या आत उरका. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग फिरवू नका, तो पसरायच्या आत सुकतो. मांडवात किंवा झाडाच्या सावलीत गाडी घ्या. झाड आंब्याचं असेल तर वरून काय काय गळतं ते बघून.

दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं, तर जिथे पत्रा उघडा आहे तेवढीच जागा एखाद्या उघाडीच्या दुपारी घासून, पुसून, ब्रशने एपॉक्सीचा ठिपका द्या. बाकीचं तसंच राहू दे. वर नुसतं रबरी मॅट टाका, चिकटवायचं नाही, आणि रोज रात्री उचलून कडेला उभं करा. जुनी ट्यूब कापून सोल्यूशनने चिकटवायचा जुगाड बंदरावर सगळीकडे दिसतो. त्या ट्यूबखाली पाणी अडतं आणि पुढच्या वर्षी ट्यूब काढली की सोबत पट्टीही येते.

आता मूळ काम. घरी होण्यासारखं आहे, पण त्यातलं तीन चतुर्थांश काम रंग उघडण्याच्या आधीचं आहे.

आधी दाराची रबरी बीडिंग हाताने ओढून काढा. ती पत्र्याच्या उभ्या कडेवर नुसती बसवलेली असते. सांधा कुठे होता तिथे मास्किंग टेपने खूण करा, नाहीतर परत बसवताना ताणली जाते. काढल्यावर खाली किती चिखल आणि किती मीठ बसलंय ते बघून तुम्हालाच धक्का बसेल. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. थिनरने मीठ निघत नाही आणि पाण्याने मासळीचं तेल निघत नाही, म्हणून दोन्ही लागतात, आणि याच क्रमाने: आधी शाम्पूचं पाणी, मग साधं पाणी, मग पूर्ण वाळवणं, मग थिनर किंवा डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसणं. पुसायला दोन फडकी घ्या. एकाने ओलं करायचं, दुसऱ्याने वाळायच्या आत टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत बसलात तर तेल नुसतं इकडून तिकडे जातं. हे सगळं घासण्याच्या आधी. न धुता सँडपेपर मारला तर मीठ आणि तेल ओरखड्यांत घट्ट बसतं आणि मग निघत नाही. भाच्याला विचारा, डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारतो का. त्यातलं सिलिकॉन पट्टीवर उडालेलं असतं आणि नव्या रंगात बारीक खड्डे पडतात ते त्याच्यामुळे.

गंजाचे डाग ८० नंबरच्या कागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. 'बराचसा निघाला' याला अर्थ नाही. खड्ड्यात काळे ठिपके उरतात, तिथे रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंज मारणाऱ्या ॲसिडच्या द्रावणाचा, थेंब ब्रशच्या टोकाने द्या आणि डब्यावर लिहिलंय तसंच धुवून-पुसून वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर एपॉक्सी धरत नाही. मग १८० आणि शेवटी ३२० ने सगळ्या कडा उतरत्या करा, म्हणजे पत्रा, राखाडी आणि पांढरा यांच्यात बोटाला पायरी लागता कामा नये. बाकीच्या ज्या रंगावर लेप जाणार आहे तोही ३२० ने मंद करा. चकाकी दिसते तिथे लेप सुटणार, हे नक्की. पुन्हा एकदा डीग्रीझर, पुन्हा दोन फडकी, आणि त्यानंतर त्या जागेला उघडा हात लावायचा नाही.

टेप मारताना एक विसरू नका. बीडिंग बसते ती उभी कडा पूर्ण झाकायची. तिच्यावर जाड लेप गेला तर बीडिंग नीट बसत नाही, दार आपटून लावावं लागतं आणि पावसाचं पाणी आत येतं. हवेच्या दाबाचा स्टिकर किंवा कंपनीची पाटी चौकटीवर असते, तीही झाका.

एपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असतं ते मापाने घ्या. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही. हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळेल हा समज गॅरेजमध्येही आहे, आणि तो चूक आहे. जादा हार्डनरने थर ठिसूळ तरी होतो किंवा चिकट तरी राहतो. काही एपॉक्सी कालवल्यावर दहा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा असतो, तेही डब्यावर असतं. ब्रशने पातळ दोन हात द्या. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड वापरू नका. गेटला, ग्रिलला तो ठीक आहे, पण त्याच्यावर टू-पॅकचा जहाल थिनर गेला की तो सुरकुतून वर येतो.

एपॉक्सीवर कधी दुसरा थर द्यायचा याचीही मुदत डब्यावर असते. त्या मुदतीत दिलात तर घासायची गरज नाही, उलटून गेली तर ३२० चा हलका हात मारा. त्यावर मुख्य लेप. बाजारात बेडलायनर म्हणून मिळतो तो, रॅप्टरसारखा टू-पॅक. अमेरिकेत पिकअपच्या हौद्याला मारायला याचा प्रसार झाला आणि काहीजण तोच दाराच्या पट्टीलाही मारतात. रॅप्टरचं प्रमाण तीनाला एक. किट एका पट्टीला खूप जास्त होतं, म्हणून हौद्याच्या फाळक्याची कड आणि पुढचे कोपरे त्याच दिवशी तयार ठेवा. कालवलेला माल उद्यापर्यंत राहत नाही. एवढा खर्च नको असेल तर पांढऱ्या टू-पॅक पीयू रंगाचा पहिला हात ओला असताना त्यावर चाळणीतून बारीक धुतलेली, वाळवलेली वाळू भुरभुरवा, सुकल्यावर सैल कण झटका, आणि वर दुसरा हात. वाळू नदीची किंवा दुकानातली. किनाऱ्यावरची आणलीत तर मीठ आपण होऊन आत कोंडलंत.

खरबरीतच का म्हणतो, तर गमबूट ओला, तळवा गुळगुळीत, आणि पहाटे बंदरात घाईने चढणारा पोरगा. गुळगुळीत पट्टीवरून पाय सटकला की नडगी थेट पत्र्यावर. रंग राहिला बाजूला, त्या बाजूला खरबरीत लेप मी यासाठी आधी सुचवेन. त्याचा तोटाही सांगतो. चिखल खाचांत बसतो, ब्रशने धुवावं लागतं. आणि एकदा लावला की ग्राइंडरशिवाय निघत नाही, म्हणून खाली गंज ठेवून तो लावणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं.

लेप छोट्या रोलरने द्या, दोन पातळ हात. टेप लेप पूर्ण कडक व्हायच्या आत, अजून मऊ असताना, मागे दुमडून ओढा. दुसऱ्या दिवशी ओढाल तर कड फाटून येते. स्प्रे मात्र घरी मारू नका, हे मी ठणकावून सांगतो. टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि रुमाल किंवा कोविडचा मास्क त्याला अडवत नाही. रोलरने काम करतानाही मोकळी हवा, नायट्रिलचे हातमोजे आणि वाफेसाठीचा कार्ट्रिजचा मास्क हवा. घरात दम्याचं माणूस असेल तर ओट्यावर, पडवीत हे काम नको. थिनरची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा, आणि विडी ओढणाऱ्याला तेवढा वेळ लांब बसवा.

दोन्ही बाजू एकाच दिवशी काढू नका. ड्रायव्हरच्या बाजूला काम चालू असताना भाच्याने क्लीनरच्या दारातून आत जायचं. दोन दिवस पाय नाही, आणि गमबूट शक्यतो आठवडाभर नाही. लेप हाताला कोरडा लागतो तो काही तासांत, पण पुरता कडक व्हायला त्याला तेवढे दिवस लागतात. घाईने चढलेल्या पहिल्याच टाचेचा वळ त्यात कायमचा राहतो.

आता क्लीनरची बाजू. इथे फिल्म, आणि ती टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची पीपीएफ, म्हणजे रंग राखणारी फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची. म्हणजे गाडीच्या अख्ख्या रंगाहून जाड एक थर वर, झिजायला. झिजली की ओढून काढायची आणि दुसरी लावायची, खालचा रंग जसाच्या तसा. स्टिकरच्या दुकानातली पीव्हीसीची फिल्म स्वस्त पडते, पण ती पातळ, लवकर पिवळी पडते आणि आखडून कडा सोडते. अख्खा रोल घ्यायची गरज नाही. कोल्हापूर किंवा पुण्यात फिल्म लावणाऱ्यांकडे कातरणं उरतात, पट्टीपुरता तुकडा मागितला तर बऱ्याचदा निम्म्याहून कमी पैशांत देतात. ओळखीचा कुणी आंबा घेऊन तिकडे जात असेल तर त्याला सांगा.

लावायच्या आधी एक दिवस ती पट्टी पुसू नका. धुळीत बुटाचा ठसा उमटतो, पाय नेमका कुठे पडतो आणि टाच कुठवर घासते ते कळतं. बहुतेक जण आडव्या भागावर फिल्म लावतात आणि बूट घासतो तो बाहेरच्या उभ्या भागावर, पट्टीच्या मागच्या टोकाकडे. कागदावर तेवढा आकार काढून फिल्म कापा, कोपरे गोल करा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. कड पत्र्याच्या कडेपर्यंत नेऊ नका, दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबवा. मीठ आणि तेल वर सांगितलं तसंच काढायचं, फक्त थिनरच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब, तो फवारा पट्टीवरही आणि फिल्मच्या चिकट बाजूवरही. फिल्म तरंगत जागेवर सरकवा आणि मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढा. पाण्याचे बारीक फुगे दोन-चार दिवसांत आपोआप जातात, टोचायला जाऊ नका. वळणावर हेअर ड्रायरची ऊब द्या. ओल्या बुटाखाली ही फिल्म निसरडी असते, म्हणून पाय टेकतो त्या हातभर जागेवर जिन्याच्या पायऱ्यांना लावतात तसला खरखरीत टेप फिल्मच्या वरून चिकटवा. तो वर्षाकाठी बदलावा लागेल, लागू दे.

कामाच्या नादात खालची भोकं बुजवू नका. पट्टीच्या पेटीला आणि दाराला तळाशी पाणी जायला बारीक छिद्रं असतात. खराट्याची हीर घालून ती मोकळी करा, आणि कोटिंग कुठलंही असो, त्यांच्यावर जाता कामा नये. आत पाणी साठलं तर पट्टी आतून सडते आणि वरचा लेप शेवटपर्यंत छान दिसत राहतो. गॅरेजवाल्याला काही द्यायचंच असेल तर पेटीच्या आत मारायचं कॅव्हिटी वॅक्स त्याच्याकडून मारून घ्या. त्याची छिद्रात घालायची लांब नळी तुमच्याकडे नसणार.

मासळी उतरवून झाली की पाण्याच्या नळीने आधी गमबुटाचे तळवे आणि मग दोन्ही पट्ट्यांवर गोडं पाणी मारायला भाच्याला सांगा. आणि सुरुवात क्लीनरच्या बाजूपासून करा. फिल्मला कडक व्हायला आठवडा लागत नाही, एका दुपारचं काम आहे, आणि तिथला रंग पावसाच्या आत झाकला गेला तर ड्रायव्हरच्या बाजूची सगळी कसरत दिवाळीनंतर एकदाच करावी लागेल.